कुंपणावरचा सत्कार

प्राध्यापक ओमप्रकाश यांनी आपल्या ग्रंथाच्या मनोगतात एक वाक्य लिहिले नसते, तर पुढचे काहीही घडले नसते. शिकारकथांतील अरण्य आणि त्यातील प्रतीके या विषयावर त्यांनी तीनशे पाने लिहिली होती आणि आरंभीच नोंदवले होते, "हे चिंतन मी जिंतूरजवळच्या आमच्या शिवारात, श्वापदांच्या सहवासात केले." वस्तुतः ते चिंतन पंख्याखाली, दिवाणावर पडून झाले होते, आणि त्या वेळी लागणारे शेंगदाणेसुद्धा त्यांना सोलून द्यावे लागत.

प्रस्तावना परभणीच्या डॉ. राधाकिशन यांची हवी होती. तिच्यावाचून प्रकाशक पुस्तक छापायला तयार नव्हता. डॉक्टरांनी मनोगत वाचले आणि फोन केला, "ते अरण्य पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. रविवारी येतो."

ओमप्रकाश धावत मातोश्रींकडे गेले. धुरपदाबाई पंचाहत्तरीच्या होत्या आणि चार एकर सोयाबीन त्यांच्या धाकाने वाढत होते.

"माय, रविवारी लय मोठे सर यायलेत. त्यान्ला आपलं शेत दाखवायचंय."

"दाखव की. पर तुला ठाव हाय का, कुटं हाय ते?"

रविवारी डॉक्टरांची गाडी दारात थांबली, त्याच क्षणी ओमप्रकाशांच्या पत्नीने, पंकजाने, त्यांना आत ओढले.

"अहो, तुमच्या सत्काराच्या शालींची पेटी रिकामी हाय! एकबी शाल न्हाई."

"चोरी झाली?"

"आई म्हनल्या, कामाला लावल्या."

कोणत्या कामाला, हे विचारायला वेळ नव्हता. मातोश्रींच्या मागोमाग शेताच्या बांधावर पोचल्यावर ते आपोआप कळले.

त्या भागात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती खांब रोवून जुन्या साड्या बांधतात. अंगावर वापरलेल्या कापडाला माणसाचा वास असतो आणि त्या वासाने डुक्कर माघारी फिरते. धुरपदाबाईंच्या तीन बाजू साड्यांनी भरल्या होत्या. ओढ्याच्या बाजूला मात्र साड्या पुरल्या नव्हत्या, आणि तेथे एका रांगेत, जरीच्या काठांसह, ओमप्रकाशांचे सगळे वाङ्मयीन जीवन फडफडत होते.

"माय!" ओमप्रकाश पुटपुटले. "हे काय केलंस?"

"पेटीत कसर लागायली होती. एकेचाळीस शाली! तू पांघरतोस का एकतरी?"

फेब्रुवारीत परभणीच्या संमेलनात डॉक्टरांनी स्वहस्ते दिलेली वांगी रंगाची शालही त्या रांगेत होती. ओमप्रकाश चपळाईने डॉक्टर आणि कुंपण यांच्या मधे उभे राहिले.

"सर, तिकडे चिखल आहे."

"अरण्यात चिखल असायचाच," डॉक्टर म्हणाले आणि थेट ओढ्याकडे निघाले. चालता चालता त्यांचे व्याख्यान सुरू झाले. "शिकारकथेत श्वापद हे श्वापद नसतेच, ओमप्रकाश. तो माणसाच्या आतला अंधार असतो. शिकारी वस्तुतः स्वतःलाच..."

ओढ्याच्या झुडपातून तो अंधार बाहेर आला. त्याला दोन सुळे होते आणि मागे पाच पिले होती.

डॉक्टरांनी वाक्य तेथेच सोडले. शिकारीवर चार ग्रंथ लिहिलेल्या त्या विद्वानाने जवळचा खांब गाठला आणि खांबावरची शाल अंगाभोवती गुंडाळून डोळे मिटले. ओमप्रकाश तोपर्यंत मातोश्रींच्या मागे पोचले होते. डुक्कर दोन पावले पुढे आले, शालीचा वास घेऊन थबकले आणि नाराजीने फुरफुरले.

"हाड्! हुर्र!" धुरपदाबाईंनी ढेकूळ भिरकावले. डुक्कर पिलांसह ओढ्यात उतरले.

मग शालीच्या एका भोकातून डॉक्टरांचे बोट बाहेर आले. बोट हळूहळू वाकले. भोकाच्या कडेवरून फिरले.

"ओमप्रकाश," आतून गंभीर स्वर आला, "ही माझी शाल आहे. मी दिलेली. उदबत्तीच्या या भोकावरून मी ती कुठेही ओळखीन. माझा सन्मान तुम्ही डुकरांपुढे टांगला? प्रस्तावना विसरा."

ओमप्रकाशांचा चेहरा उतरला. तीनशे पाने त्यांच्या डोळ्यांदेखत ओढ्याला लागली. धुरपदाबाईंनी मात्र पदर खोचला.

"थांबा, सायेब. भोक तुमी कवा पाह्यलं?"

"कधी म्हणजे? घरी. देवघरापाशी बसलो असताना..." डॉक्टरांनी जीभ चावली.

"म्हंजी देन्याआधीच. जळकी शाल दिलीत माझ्या लेकाला? भर मांडवात?"

शालीतून बाहेर आलेला चेहरा शालीच्याच रंगाचा झाला होता. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांचे प्रमाण मराठी त्यांना सोडून गेले. "मावशी, सोनपेठच्या सत्कारात मिळाली हुती. दोन हिवाळे मीच निजलो हिच्यात. त्या दिवशी ऐनवेळी नवी घावली न्हाई. कुनाला सांगू नका."

"आसं हाय व्हय!" धुरपदाबाईंचा चेहरा उजळला. "मी म्हनतेय, चाळीस शालींखालून डुक्कर खुशाल आत शिरतंय आन् ह्या एकीपसून माघारी का फिरतंय! बाकीच्या कोऱ्या. त्यान्ला मानसाचा वासच न्हाई. ही एकलीच राखन करायलीय."

चहा पिताना डॉक्टरांनी अरण्य पाहून अत्यंत समाधान झाल्याचे आपणहून सांगितले. प्रस्तावना आठ दिवसांत आली. ती अठरा पानांची होती आणि तीत डुकराचा उल्लेख नव्हता.

प्रकाशन दिवाळीनंतर झाले. सत्काराची वेळ येताच डॉक्टर उठले. संयोजकांनी पुढे केलेली कोरी शाल त्यांनी बाजूला सारली, स्वतःच्या खांद्यावरची चुरगळलेली शाल काढली आणि ओमप्रकाशांना ओलांडून पहिल्या रांगेतील धुरपदाबाईंकडे गेले.

"मावशी, दोन म्हैने एकसारखी पांघरलीय."

भरल्या सभागृहात धुरपदाबाईंनी शाल नाकाशी धरली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि मान डोलावली.

"ही चालंल," त्या म्हणाल्या. "हरभरा पेरलाय."