सातव्या पानावरचं सैन्य

कुवेतमधल्या रिग्गईतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत अक्षरानं दिवाळीचा किल्ला केला होता. यंदा तिथल्या मराठी मंडळानं किल्ल्यांच्या स्पर्धेला नवी अट घातली होती: आपल्या राज्याची संरक्षणक्षमता तपासून एक पानी अहवालही द्यायचा. दहा वर्षांच्या अक्षरानं तो इंग्रजीत, कुणाची भीडभाड न ठेवता लिहिला. सैनिक त्रेचाळीस. तोफा बारा, पैकी दोन मोडक्या. पाणी तीन दिवसांचं. उत्तरेकडून शत्रू सहज आत येईल.

तिच्या बाबानं, म्हणजे हरीशनं, तो ऑफिसच्या प्रिंटरवर सोडला आणि चहाला गेला. तिथंच घात झाला. परत येतो तो ट्रे रिकामा!

"शरीफा, इथला कागद?"

"इद्रीस सरांच्या फाइलचाच ना? त्यांच्या सहा पानांमागे सातवं म्हणून स्टेपल करून दिला," साहेबांची सेक्रेटरी म्हणाली. "सर मंत्रालयात मीटिंगला गेलेत."

हरीशच्या पायाखालची जमीन सरकली. परक्या देशात, सरकारी टेबलावर, सैन्याची मोजदाद! आणि वर उत्तरेची बाजू कच्ची! कुवेतच्या उत्तरेला कोण आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. नोकरी तर जाईलच, इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, रद्द होऊन पुढच्या विमानानं रवानगी ठरलेली. त्यानं बायकोला फोन लावला.

"अर्चना, बॅगा भरायला घे."

"अरे, चकल्या तळतेय मी! आधी सरांना सांग ना सरळ."

सर फोन उचलेनात. हरीशनं मेसेज टाकला: 'सर, कृपया सातवं पान वाचू नका.' मग त्याला वाटलं, खुलासा हवा. 'ते सैन्य माझं नाही.' मग आणखी सोपं करून: 'माझ्या मुलीचं आहे.' तिन्ही मेसेजपुढच्या वाचल्याच्या खुणा निळ्या झाल्या, तेव्हा कुठे आपण काय लिहून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

दोन तासांनी इद्रीस सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"फाइल मी उघडणारही नव्हतो," ते म्हणाले. "तुझा मेसेज आला म्हणून सातवं पान काढलं. नशीब, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. काय आहे हे?"

हरीशनं दिवाळी, माती, मावळे, मंडळ, सगळं एका दमात सांगितलं. मोबाइलवर किल्ला दाखवला. सर बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते.

"दोन तोफा मोडक्या आहेत, हे तिनं आपणहून लिहिलं?"

"हो सर. लपवायचं कशाला, म्हणाली."

सर हसले आणि हरीशचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी ड्रॉवरमधून आणखी एक कागद काढला. हरीशनं गेल्या महिन्यात दिलेला सर्व्हरच्या सुरक्षेचा अहवाल! त्यात सगळं उत्तम होतं. त्याच आठवड्यात सर्व्हर दोनदा झोपला होता.

"हा पुन्हा लिही," सर म्हणाले. "आणि माझ्याकडे आणण्याआधी मुलीकडून तपासून घे."

"घेतो सर! आजच घेतो!"

हरीश केबिनबाहेर आला तो जवळजवळ नाचतच. असा अपमान त्याला रोज चालला असता. त्यानं घरी फोन लावला.

"अर्चना, अक्षरा शाळेतून आली का? तिला म्हणावं, आज जरा बाबाचा अभ्यास घे."