एकशे चाळीस पुस्तकं आणि एक कूलर

सकाळी पावणेदहाला ग्रंथपाल कमलाकर दंडे यांनी ‘मानवी हृदय’ नावाचं इंग्रजी पुस्तक कौतुकानं उघडलं. आत मेलेल्या वाघावर पाय ठेवून एक गोरा साहेब उभा होता.

त्यांनी पुस्तक मिटलं, पाठीवरचं नाव पुन्हा वाचलं, पुन्हा उघडलं. साहेब तिथंच होता. मग त्यांनी शेजारचं ‘हिंदुस्थानातील रेल्वेचा इतिहास’ काढलं. त्यात आतडी होती. ‘बालकांचं शिक्षण’मध्ये उताणा पडलेला, पोट फाडलेला बेडूक होता.

दंडेंनी खुर्ची गाठली.

पुसदच्या त्या कॉलेजात साडेअकराला तपासणी समिती येणार होती. मागच्या समितीनं ‘पुस्तकं धूळ खात आहेत’ असा शेरा मारला होता, आणि प्राचार्य प्रेमसिंग राठोड यांनी दंडेंना स्पष्टच सांगितलं होतं, “यावेळी असा शेरा आला, तर लायब्ररीले कुलूप लावीन अन् तिथं झेरॉक्सची मशीन ठेवीन. तुमाले स्कॉलरशिपच्या खिडकीवर बसवीन.” म्हणून दंडेंनी विज्ञान, शिक्षणशास्त्र, शरीरशास्त्र, इंग्रजी राजवटीचा इतिहास अशी एकशे चाळीस जुनी इंग्रजी पुस्तकं बाइंडिंगला दिली होती. वाळवीनं सगळ्यांची पहिली पानं खाल्लेली होती. नाव कुठंच उरलं नव्हतं. दंडेंनी जुन्या नोंदींवरून प्रत्येकाचं नाव शोधून, पाठीवर चिकटवायची छापलेली चिठ्ठी त्या-त्या पुस्तकात ठेवली होती.

बाइंडर रहेमानभाई आणि त्यांची बायको गौहरभाभी शेवटचा गठ्ठा घेऊन तेवढ्यात आलेच.

“रहेमानभाई, हे काय केलं तुम्ही?”

“काहून? शिवण उसवली काय?”

“शिवण नाही हो, नावं! हृदयात वाघ निघाला!”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. गौहरभाभी हळूच म्हणाल्या, “मी सांगतलं होतं तुमाले, कूलर बंद करा म्हणून.”

“गरमी केवढी होती!” रहेमानभाई म्हणाले. “सगळ्या चिठ्ठ्या काढून एका जागी ठेवल्या होत्या भाऊ. कूलर चालू केला अन् घरभर उडाल्या. पन आमी एकेक येचली. एकशे चाळीस पुस्तकं, एकशे चाळीस चिठ्ठ्या. एकही उरली नाही!”

“पण कोणती कोणाची, ते?”

“मी उर्दू शाळेत शिकलो भाऊ, इंग्रजी कुठं येते मले. जाड पुस्तकाले लांब नाव लावलं, बारक्याले लहान. दिसाले तर मस्त दिसून राह्यलं.”

एकट्यानं एकशे चाळीस पुस्तकं चाळायची म्हणजे चार दिवसांचं काम. दंडे बाहेर धावले. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती, ऑफिसच्या खिडकीवर ही लांब रांग लागली होती. आयुष्यात कधी न चढवलेला आवाज त्यांनी चढवला.

“पोरांनो, माझी नोकरी जाते! आत या आणि एकेक पुस्तक वाचून सांगा, कशावर आहे ते!”

बीएस्सीची शाल्मली आधी रांगेतून बाहेर पडली. “चला रे! खिडकी तशीही बारालेच उघडते.”

पाच मिनिटांत लायब्ररीत बसायला जागा उरली नाही. पोरं बाकांवर, खिडकीत, जमिनीवर बसली. कोणी ओळखलं की ओरडायचं, दंडेंनी नाव शोधायचं, गौहरभाभींनी जुनी चिठ्ठी सोडवायची, रहेमानभाईंनी खळ लावून योग्य ती चिकटवायची. साठ पुस्तकं झरझर झाली. मग अवघड उरली, आणि भांडणं सुरू झाली.

“सर, हे बायोलॉजी आहे,” सलील म्हणाला. “पानापानावर सेल लिहिला आहे. सेल म्हणजे पेशी.”

“अबे पुढं वाच,” शाल्मली म्हणाली. “त्या सेलमध्ये तीन कैदी आहेत.”

“कैदी?”

“तुरुंगाचा इतिहास आहे तो! इंग्रजांच्या काळचा.”

“तरीच म्हणलं, या पेशीले कुलूप कायले!”

हशा पिकला, आणि त्याच हशात दारातून समिती आत आली. समितीच्या अध्यक्षबाई, दोन सदस्य आणि त्यांच्यामागं घामाघूम राठोड सर. एकाही पोरानं मान वर केली नाही.

अध्यक्षबाई सलीलजवळ थांबल्या. “काय वाचतो आहेस?”

“मॅडम, तेच शोधून राह्यलो. आधी शरीरशास्त्र वाटलं, मग कायदा वाटला. आता इतिहास निघाला.”

बाईंनी सदस्यांकडे वळून पाहिलं. “आंतरविद्याशाखीय वाचन. लिहून घ्या.”

“आमच्याइथं रोजचंच आहे मॅडम,” राठोड सर म्हणाले.

तेवढ्यात बाईंनी कपाटातलं ‘वनस्पतींचे रोग’ काढलं. आत एका लठ्ठ गव्हर्नराचा फोटो होता. बाईंनी भुवया उंचावल्या. राठोड सरांनी डोळे मिटले.

दंडे पुढं आले. वाळवी, चिठ्ठ्या, कूलर, फॉर्मची रांग, सगळं त्यांनी सांगून टाकलं. रहेमानभाईंनी खळीचे हात जोडले. “गलती आमची आहे मॅडम. भाऊची नाही.”

बाई सरळ पोरांशेजारी खाली बसल्या.

“प्रत्येक कॉलेजात मला वाचणारी मुलं दाखवतात,” त्या म्हणाल्या. “निम्म्यांची पुस्तकं उलटी असतात. ही तुमची मुलं खरंच वाचतायत हो!” आणि हात पुढं केला. “आणा इकडं एखादं. माझा विषय प्राणिशास्त्र आहे. बेडूक असेल तर लगेच सांगते.”

दीड वाजेपर्यंत समिती जमिनीवर मांडी घालून पुस्तकं ओळखत होती. एकशे चाळिसाव्या पुस्तकाला चिठ्ठी लागली तेव्हा टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. अहवालात बाईंनी लिहिलं, ‘इतकं जिवंत ग्रंथालय या दौऱ्यात दुसरं पाहिलं नाही.’ राठोड सरांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि रहेमानभाईंना पुढच्या दोनशे पुस्तकांचं काम तिथंच देऊन टाकलं.

समिती गेल्यावर दंडे कुलूप शोधत होते. टेबलासमोर शाल्मली उभी होती, हातात तो तुरुंगाचा इतिहास.

“सर, त्या तिघांतला एक पळून जाते. पुढं काय होते, मले वाचाचं आहे. घरी नेऊ?”

दंडेंनी शिक्का काढला, पॅडवर दाबला, पुस्तकावर मारला. काहीच उमटलं नाही. पॅड केव्हाचं वाळून खडखडीत झालं होतं. त्यांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं, पुन्हा शिक्का मारला. फिकट निळी तारीख उमटली.

त्यांनी समाधानानं मान वर केली. शाल्मलीच्या मागं सलील उभा होता, आणि सलीलच्या मागं थेट व्हरांड्यापर्यंत रांग लागली होती.

“थांबा,” दंडे म्हणाले, “अजून पाणी आणतो.”