गिल्बर्ट टॅन्सलीची गादी आणि चार सचोटीची माणसं

हेझलकोट गावात स्वतःच्या जमिनीवर ताठ मानेनं जगलेल्या गिल्बर्ट टॅन्सलीनं मंगळवारी, सकाळचं दूध काढून झाल्यावर, मरायचं ठरवलं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, मृत्युपत्र मात्र लागतं. म्हणून पाद्री अँब्रोज यांना शाई-कागदासह बोलावण्यात आलं. गावात शेवटची प्रार्थना आणि शेवटचा कागद ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच होती, आणि कागदाला जास्त वेळ लागे.

आत्मा देवाला देण्यात आला. ते एका ओळीत आटोपलं. घर आणि जमीन थोरल्या राल्फला. पितळी हंडा धाकट्या हम्फ्रीला आणि त्याचं झाकण मुलगी ॲनिसला, म्हणजे भावंडं एकमेकांना धरून राहतील.

गिल्बर्टची बायको थॉमसिन उशाशी उभी होती. तिला एकच वस्तू हवी होती : नवरा पडला होता ती पिसांची गादी. बत्तीस वर्षं स्वतः पाळलेल्या बदकांची पिसं वेचून, ऊन दाखवून तिनं ती भरली होती. गुडघ्यांत वात शिरल्यापासून पेंढ्यावर तिचा डोळा लागत नसे.

"अहो, तेवढी गादी माझ्या नावे घाला," ती म्हणाली.

"तुझी सोय केलीय गं. वाचा हो, पाद्रीबाबा."

पाद्रींनी वाचलं : 'माझी प्रिय पत्नी थॉमसिन हिला, ती विधवा राहील तोवर, दुधाच्या खोलीवरची माडी, आणि दिवसातून दोनदा चुलीपाशी शेकण्याचा हक्क.'

"आणि जिना?" राल्फनं विचारलं. "घर माझं म्हणजे जिनाही माझा. मी काही आईला अडवणार नाही, पण मागाहून वाद नको."

जिना चढण्याचा हक्क घालण्यात आला. उतरण्याचा पाद्रींनी आपण होऊन घातला. त्यांच्या दयाळूपणाबद्दल गावात दुमत नव्हतं.

"गादी मी भरलीय," थॉमसिन पुन्हा म्हणाली.

"भरलीस गं बाई, पण कुणाची बायको म्हणून भरलीस?" पाद्रींनी मायेनं समजावलं. "लग्न लागलं तेव्हाच तुझं ते त्याचं झालं. तुझ्या अंगावरचा झगासुद्धा त्याचाच. तो मागत नाही, हा त्याचा चांगुलपणा."

घरात गाद्या दोन. घोळ नको म्हणून गिल्बर्टनं लिहवून घेतलं : 'ज्या गादीवर माझा प्राण जाईल ती राल्फला, उरलेली पत्नीला.' उरलेली पेंढ्याची होती.

माणूस गेल्यावर गावातल्या चार सचोटीच्या माणसांनी घरातल्या चिजांची यादी करायची, असा रिवाज आहे. पण गुरुवारी जत्रा होती आणि चौघांनाही जायचं होतं. तेव्हा ते बुधवारीच आले. गिल्बर्ट अजून जिवंत होता. त्याबद्दल त्यानं दिलगिरी व्यक्त केली.

चिमटे, चाळण्या, डुकराचं खारवलेलं मांस, थॉमसिनचे दोन झगे, सगळं यादीत चढलं. मग गादी आली. पिसांच्या गादीची किंमत वजनावर ठरते.

"याच्यासकट तोलली तर आकडा खोटा येईल," चौघांचा म्होरक्या, गिरणीवाला वॉट पिनक म्हणाला. "आणि आम्ही शपथेवर आहोत."

गिल्बर्टला उचलून खाली पेंढ्याच्या गादीवर ठेवण्यात आलं. "नीट तोला," एवढं तो म्हणाला. काटा कुठल्या बाजूला झुकतोय यावर चौघांची जुंपली असतानाच तो गेला.

थॉमसिन हळूच म्हणाली, "प्राण पेंढ्यावर गेला, पाद्रीबाबा."

पाद्रींनी कागद दोनदा वाचला. त्यात पळवाट नव्हती, कारण तो त्यांनीच लिहिला होता. थॉमसिन पिसांच्या गादीच्या कडेला बसली. नवऱ्याचं तिला फार वाईट वाटत होतं, गादीचा आनंदही होत होता, आणि दोन्हींपैकी कशाचीच तिला लाज वाटली नाही.

"पण लोक काय म्हणतील?" वॉट म्हणाला. "घरात पिसांची गादी असून टॅन्सली पेंढ्यावर मेला?"

प्रश्न अब्रूचा झाला. तिथे सचोटीला मागे हटून चालत नाही. चौघांनी थॉमसिनला बाजूला केलं, गिल्बर्टला उचलून वर ठेवलं आणि तो तिथेच गेला अशी शपथ घेतली. पाद्रींचंही मत पडलं की प्राण खाली निघाला असेल, पण पुरता वरच गेला असावा. तसं लिहिलेल्या कागदावर आता सहीऐवजी फक्त थॉमसिनची फुली हवी होती.

"आई, चार लोकांत आम्हाला खोटं पाडणारेस का?" राल्फ म्हणाला.

"आणि नाही केली फुली तर?"

"तर काय, तू आमचीच आहेस. पण घरात ऊठबस प्रेमानं व्हायची की कागदानं, ते तू ठरव."

थॉमसिननं फुली केली. त्या रात्रीपासून ती माडीवर पेंढ्यावर निजू लागली, म्हणजे पडून राहू लागली. गावानं तिला समजूतदार म्हटलं.

वाचकहो, तुम्हाला तिच्याबद्दल हळहळ वाटली, हे छानच झालं. तुमच्याकडे बायकांवर असली जबरदस्ती होत नाही म्हणतात. भाऊबीजेला बहीण जेवायला येते, भाऊ ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद ठेवतो, आणि ती हात पुसून हसत सही करते. साडी बरी होती ना या वर्षी?