कालवा दिनाची तारीख

लग्नाची तारीख बायकोला विचारायची नाही, एवढंच पालिकेच्या हेडक्लार्कांनी ठरवलं होतं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

तारीख त्यांना अजिबात ठाऊक नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. महिना पाठ होता. तारीख दरवर्षी बायकोच्या अबोल्यावरून साधारण कळायची. (अबोला सुरू झालाय हे लक्षात यायला त्यांना दोन-तीन दिवस लागत. तोवर घरात किती छान शांतता आहे, म्हणून ते खुशीत पेपर वाचत.) यंदा मात्र लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि बायकोनं आधीच बजावलं होतं, "या वेळी विसरलात ना, तर बॅग भरून ताईकडे जाईन. आणि न्यायला यायचं नाही!"

ही धमकी पोकळ नव्हती. ताईचं गाव कालव्यापलीकडे बसनं तासाभरावर होतं आणि ताई तर वाटच बघत होती. हेडक्लार्कांची स्वयंपाकातली मजल पाणी उकळण्यापुढे गेलेली नव्हती. शिवाय, चारचौघांत ते कबूल करत नसत, पण बायको घरात नसली की त्यांना घर खायला उठायचं. तेव्हा विसरायचं नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. विचारणं म्हणजे विसरलो हे लेखी कळवण्यासारखंच.

नेमकं त्याच सुमारास पालिकेच्या अध्यक्षांना गावच्या जुन्या कालव्याबद्दल प्रेमाचं भरतं आलं. गावाच्या मधोमध वाहणाऱ्या या कालव्याकडे आजवर लोकांनी फक्त सायकली धुण्याची जागा म्हणून पाहिलं होतं. पण शेजारच्या गावानं आपल्या घड्याळाच्या मनोऱ्याचा दिन साजरा केला, त्याचे फोटो पेपरात आले आणि अध्यक्षांची झोप उडाली. तातडीनं मीटिंग भरली.

"कालवा दिन करायचा. दरवर्षी. तारीख बोला," अध्यक्ष म्हणाले.

"कालवा कधी खणला ते कुणालाच माहीत नाही, साहेब," इंजिनिअर म्हणाला.

"मग माझ्या वाढदिवशी ठेवू. तो सगळ्यांना माहीत आहे."

या वाक्यावर हेडक्लार्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (असं क्वचितच व्हायचं, त्यामुळे त्यांना क्षणभर चक्कर आल्यासारखं वाटलं.) डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहिलं. कालव्यावरचा पूल, खाली नुकतंच सोडलेलं पाणी, शेजारी नटूनथटून उभी असलेली नवी नवरी आणि आपल्या पायात लग्नाचे कोरे करकरीत काळे बूट. म्हणजे लग्नाच्या दिवशी कालव्यात पाणी सोडलं होतं! आणि गाळ काढून झाल्यावर पाणी सोडतात ते दरवर्षी त्याच महिन्याच्या दहा तारखेलाच.

"दहा तारीख, साहेब!" ते उभेच राहिले. "पाणी सोडण्याचा दिवस. दोनशे वर्षांची परंपरा आहे." (किती वर्षांची, ते त्यांनी उभं राहता राहता ठरवलं.)

अध्यक्षांनी जरा तोंड पाडलं, पण परंपरेपुढे त्यांचं काही चालेना. ठराव पास झाला. हेडक्लार्क घरी आले ते हवेत तरंगतच. आता विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नव्हतं. दरवर्षी अख्खं गाव बँड लावून आठवण करून देणार होतं, पुलावर दिव्यांच्या माळा लागणार होत्या, आणि बायकोला तिथे नेऊन "हे सगळं तुझ्यासाठी" असं म्हणायला एक पैसाही पडणार नव्हता.

महिनाभर ते राबले. मांडव, माइक, झेंडे, खुर्च्या. नऊ तारखेला सकाळी घाईघाईनं बाहेर पडताना पाहतात तो बायको ठेवणीतले कपडे घालून दारात उभी.

"अगं, हे आजच कशाला घातलंस? चुरगळतील ना! उद्याचा दिवस महत्त्वाचा."

"उद्याचा?"

"उद्याचा!" हेडक्लार्कांनी डोळा मारला. हे काम त्यांना नीट जमत नसे, दोन्ही डोळे मिटत. "काय ते उद्या कळेल."

"मला आजच कळलं," बायको म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी ते परतले तेव्हा बॅग भरून कोपऱ्यात ठेवलेली होती. हिला कुणकुण लागलेली दिसते, हेडक्लार्कांना वाटलं. समारंभानंतर कुठेतरी फिरायला नेतील अशी आशा धरून बसलीय बिचारी. घरात छान शांतता होती.

दहा तारखेला कालव्यात पाणी सुटलं, बँड वाजला, अध्यक्षांनी भाषणात कालव्याची तुलना हळूहळू स्वतःशी केली. मंचाच्या कोपऱ्यात बसलेल्या हेडक्लार्कांची नजर गर्दीत बायकोला शोधत होती. आणि ती दिसली! ठेवणीतले कपडे नव्हते, पण हातात बॅग होती. त्यांना गहिवरून आलं. आपण न सांगता आली! (ती बसथांब्याकडे निघाली होती. बसथांबा कालव्यापलीकडे, आणि पूल हेडक्लार्कांच्याच सहीनं बंद केलेला.)

त्यांना राहवेना. त्यांनी माइक ओढला. "मंडळी, आज कालवा दिन तर आहेच, पण आज आमच्या लग्नालाही पंचवीस वर्षं झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी बायकोला मानानं मंचावर बोलावलं. तिनं बॅग खाली ठेवली, माइक हातात घेतला.

"लग्न काल होतं," ती म्हणाली.

बँडवाल्यानं ढोलावर उचललेला हात तसाच धरून ठेवला. हेडक्लार्कांना वाटलं, कालव्यात उडी टाकावी, पाणी आजच सोडलंय.

"आज काय झालं होतं, ते सांगते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे मला या पुलावर फिरायला घेऊन आले. कठड्यावर बसून पाय हलवत हे मला म्हणाले, 'मी तुझी साथ जन्मभर सोडणार नाही.' तेवढ्यात यांचा बूट पाण्यात पडला. आणि हे मला इथे एकटीला सोडून त्या बुटामागे काठाकाठानं धावत सुटले! अंधार पडायला लागला तेव्हा परत आले. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. पंचवीस वर्षांत यांना लग्न आठवलं नाही, बूट मात्र आठवला."

आधी बँडवाला हसला. मग खुर्च्या हसल्या, झेंडे धरणारे हसले, अध्यक्ष तर डोळे पुसायला लागले. आणि सगळ्यांचं हसू बघता बघता बायकोलाही हसू आवरेना. तोंडावर हात ठेवून ती खळखळून हसली. हेडक्लार्क लाजेनं लालबुंद झाले होते, पण ती हसतेय हे बघून त्यांना इतकं बरं वाटलं की रोज एक बूट बुडवायची त्यांची तयारी होती. बॅग त्यांनी स्वतः उचलून घरी नेली.

पुढच्या वर्षी कालवा दिनाला रंग चढला. अध्यक्षांनी बूट वाहवण्याची शर्यत जाहीर केली आणि पहिला बूट टाकण्याचा मान अर्थातच हेडक्लार्कांना दिला. त्यांनी तयारीत जराही कसर ठेवली नाही. तरंगणारा बूट मिळवायला दुकानं पालथी घातली आणि आदल्या दिवशी संध्याकाळी खोकं छातीशी धरून ते विजयी मुद्रेनं घरी आले.

दार बायकोनं उघडलं. ठेवणीतले कपडे घातले होते. खोक्याकडे पाहून तिचा चेहरा असा उजळला, की हेडक्लार्कांना आपली बायको कालवाप्रेमी झाल्याचा फार अभिमान वाटला.

"माझ्यासाठी?" तिनं झाकण उघडलं.

आत डाव्या पायाचा एक पुरुषी बूट होता.

बायकोनं झाकण शांतपणे परत लावलं, आत जाऊन बॅग घेऊन आली आणि चपला घालू लागली.

"अगं, आता कुठे निघालीस? उद्या एवढा मोठा दिवस!"

"म्हणूनच आज निघाले," ती म्हणाली. "उद्या पूल बंद असतो."