वृंदाच्या पाचकाची चौकशी

मला खोटी नावं सुचत नाहीत. हा सद्गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. वृंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते, तो कल्पनाशक्तीचा दुष्काळ आहे. दोघांत कोण बरोबर, ते यंदाच्या पुजोत, म्हणजे कोलकात्याच्या दुर्गापूजेत, ठरलं आणि (तुम्ही ओळखलंच असेल) तो मी नव्हतो.

माझी नोकरी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. औषध घेतल्यावर कुणाला काय त्रास झाला याच्या तक्रारी आमच्याकडे येतात आणि आम्ही त्या एका डेटाबेसमध्ये भरतो. कुणाला पुरळ येतं, कुणाला गरगरतं. गोळी घेऊन माणूस जिन्यावरून पडला तरी आम्ही नोंद करतो. गोळीमुळे पडला की केळीच्या सालीमुळे, ते नंतर बघायचं. 'संबंध नाही' असं पटकन म्हणायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. (हा नियम मी घरीही पाळून पाहिला. आमटीत केस निघाला तेव्हा 'तुझा नसेलच असं सांगता येत नाही' एवढंच म्हणालो. पुढचे दोन दिवस आमटीच नव्हती.) माझी आई बराकपूरला धाकट्या भावाकडे असते. ती नातेवाइकांना सांगते, 'आमचा मनोहर औषधाच्या दुकानात लिहायला असतो.' मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

तर पुजोच्या तोंडावर आमचे साहेब मित्रदा माझ्या टेबलाशी आले. त्यांचं बोलणं अर्धं बंगाली आणि अर्धं इंग्रजी असतं. मी मराठीतच सांगतो.

"मनोहर, आपण डेटाबेसला एआय सहायक जोडलाय. आपण फक्त तक्रार भरायची. पुढच्या शंका तो लोकांना स्वतः विचारणार, त्यांच्या त्यांच्या भाषेत. पंचमीला सकाळी क्लायंटला डेमो आहे. तोवर सरावाच्या डेटाबेसमध्ये थोड्या खोट्या तक्रारी टाकून ठेव."

"खोट्या?"

"एकदम खोट्या. काहीही बनव!"

काहीही बनव! जणू मी कादंबरीकार आहे. तासभर मी पडद्याकडे बघत बसलो. औषधाचं एक नाव सुचेना. शेवटी डबा काढायला पिशवीत हात घातला तर हाताला वृंदाच्या पाचकाची बाटली लागली, आणि मी तो छोटासा निर्णय घेतला.

आता या पाचकाविषयी सांगायला हवं. आलं, लिंबू, सैंधव, हिंग. कृती माझ्या आईची, हात वृंदाचा. आमची मुलगी चैत्राली डिझाइन शिकते. तिनं बाटलीला असं लेबल करून दिलं होतं की वाटावं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. त्यावर बॅच क्रमांक, 'जेवणानंतर दोन चमचे', 'थंड जागी ठेवावे', सगळं होतं. एवढा थाट कशाला, तर आमच्या सोसायटीच्या आनंदमेळ्यासाठी. पुजोच्या पंचमीला संध्याकाळी मांडवाशेजारी बायका घरचे पदार्थ करून आणतात, स्टॉल लावतात, आणि अख्खी सोसायटी तुटून पडते. वृंदा लग्न होऊन कोलकात्यात आल्यापासून या मेळ्यात कूपनं फाडायला बसते. मराठी माणसं बटाटेवड्यापलीकडे काही खात नाहीत, असं तिथल्या बायकांचं प्रेमळ मत आहे. यंदा मात्र तिनं कमिटीच्या शिखादींना सरळ विचारलं, "तुमची फिश फ्राय, त्यावर मटण, त्यावर बिर्याणी. एवढं खाल्ल्यावर माणसाला काय लागतं?" सगळ्या कमिटीचा हात आपोआप पोटावर गेला आणि पाचकाचा स्टॉल मंजूर झाला. वृंदा त्या दिवशी घरभर गुणगुणत होती. तिनं बिल्डिंगमध्ये नमुन्याच्या बाटल्यासुद्धा वाटल्या.

मी ऑफिसात औषधाचं नाव भरलं: पाचक. मग रुग्ण. बागचीबाबू, तिसरा मजला: पाचक घेतल्यावर ढेकर. घोषालमाशी, म्हणजे घोषालमावशी, समोरचा फ्लॅट: चक्कर. (लिफ्ट बंद होती आणि त्या जिना चढून आल्या होत्या, पण संबंध नाही असं पटकन म्हणायचं नाही.) पाचक सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बागचीबाबूंचा जावई न कळवता राहायला आला होता, आणि त्याला ते स्वतः 'अचानक उद्भवलेला त्रास' म्हणाले होते. तेही टाकलं. वृंदा: डोकेदुखी. ती रोजच म्हणते. फोन नंबर खरे दिले, कारण खोटा नंबर कुणाचा तरी खरा निघाला तर? 'उत्पादक' या रकान्यात आईचं नाव आणि नंबर टाकला. कृती तिचीच ना. काम इतकं नेटकं झालं की मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी लुची, म्हणजे इथली मैद्याची पुरी, खात होतो आणि दाराची बेल वाजली. बागचीबाबू लुंगीवर, हातात फोन.

"मोनोहोरबाबू! आमि तो बेंचे आछि!"

सकाळी सकाळी एखादा माणूस आपण जिवंत असल्याचं सांगायला येतो, तेव्हा नेमकं काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. मी म्हटलं, "अभिनंदन."

त्यांनी फोन पुढे केला. नम्र बंगालीत निरोप होता: 'रुग्णाची सद्यःस्थिती अज्ञात. रुग्ण हयात असल्यास कृपया कळवावे. पाचक बंद केल्यावर ढेकर थांबला का? पुन्हा सुरू केल्यावर परत आला का? पाचक बंद केल्यावर जावई गेला का? पुन्हा सुरू केल्यावर परत आला का? चौकशी पूर्ण होईपर्यंत उरलेला साठा वापरू नये.'

डेटाबेस सरावाचा होता हो, पण सहायकाला जोडलेला फोन खराखुरा होता. शंका विचारणं हे त्याचं काम, आणि ते तो चोख करत होता.

"खरं सांगू?" बागचीबाबू विचारात पडून म्हणाले. "पाचक संपलं आणि जावई गेला, हे अगदी खरं आहे."

तेवढ्यात आतून वृंदा आली. तिच्या एका कानाला फोन होता.

"अहो, आई विचारतायत, माझ्या पाचकावर संशय घेणारा हा कोण? त्यांना मराठीत नोटीस आलीय. 'उत्पादकाने खुलासा करावा.' आणि तक्रारदारांत माझंही नाव आहे!"

पाठोपाठ चैत्राली. तिचं मराठी इथल्या पाण्यावर वाढलेलं आहे. "बाबा, तू काय केला? घोषालमाशीला विचारला की ती चक्कर येऊन कुठल्या साइडला पडली. ती पडलीच नाही. आता ती विचारते, पडायला हवी होती का?"

मी खरं ते सांगितलं. वृंदानं शांतपणे ऐकलं. (ती ओरडते तेव्हा मला बरं वाटतं. शांत बसली की मी इन्शुरन्सचे कागद शोधतो.)

"तुम्हाला एक खोटं नाव सुचलं नाही?"

"औषधाचं नाव सुचवणं म्हणजे..."

"उद्या कमिटीची मीटिंग आहे. 'साठा वापरू नये' हे शिखादींनी वाचलंय. इतकी वर्षं मी लोकांची कूपनं फाडली, अहो. एक स्टॉल मिळाला होता. तोही तुम्ही बुडवलात." आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उरलेली लुची ताटात ठेवली.

मी लॅपटॉप उघडून सहायकाला लिहिलं: 'सगळ्या तक्रारी काढून टाक.'

तो म्हणाला, 'क्षमस्व. आलेली तक्रार काढता येत नाही. तक्रार मागे घेण्याची विनंती नोंदवली आहे. आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?'

मी मागे वळून पाहिलं. वृंदा कंबरेवर हात ठेवून उभी होती. 'नाही,' मी लिहिलं. 'मी त्या खोट्या लिहिल्या.'

'पण ढेकर व जावई यांना संबंधितांकडून दुजोरा मिळाला आहे. तरीही आपण त्या खोट्या म्हणता. आपणांस गोंधळल्यासारखे होते का?'

'हो! खूप!'

'आपणही पाचक घेता का?'

'रोज घेतो, पण त्याचा काही...'

'नवीन रुग्ण नोंदवला. त्रास: गोंधळ.'

मित्रदांना फोन केला. ते पुजोच्या खरेदीत होते. "उत्तरं येतायत? खऱ्या माणसांची? वा! काही हात लावू नकोस!" फोन बंद.

सोमवारी संध्याकाळी कमिटीच्या मीटिंगला वृंदानं मला सोबत नेलं, म्हणजे पुरावा म्हणून नेलं. दार उघडलं तर आत गलका. मला वाटलं, संपलं.

पण आमच्या शहरात पोट हा मनाच्याही वरचा अवयव आहे, हे मी विसरलो होतो. इथे माणूस भेटला की आधी हवामान, मग गॅस. आणि या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी घाई न करता, मध्ये न तोडता, त्यांच्या पोटाविषयी विचारत होतं. बागचीबाबूंनी शाळेतल्या काविळीपासूनचा सगळा इतिहास व्हॉइस मेसेजवर पाठवला होता, आणि सहायकानं 'अतिशय उपयुक्त माहिती, आणखी सांगावे' असं कळवलं होतं. घोषालमाशी भांडत होत्या, त्यांना बागचींपेक्षा कमी प्रश्न का? ज्यांनी पाचक घेतलंच नव्हतं ते कोपऱ्यात उतरल्या चेहऱ्यानं बसले होते.

शिखादींनी वृंदाचा हात धरला. "बृंदा, आमच्या पोटांची इतकी सायंटिफिक चौकशी कधी कुणी केली? स्टॉल मांडवाच्या अगदी तोंडाशी लाव. आणि मला एक बाटली आत्ता दे, मलाही प्रश्न हवेत."

घरी येताना वृंदा लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसली. रात्रीचं जेवण झाल्यावर बघतो तर ओट्याला टेकून फोनवर काहीतरी लिहीत होती, अगदी तन्मयतेनं, मधूनमधून गालात हसत. मी ओळखलं, सहायकाला उत्तर देतेय. माझा ऊर भरून आला. बिचारी, मला डेमोत मदत करतेय.

पंचमीची सकाळ. पडद्यावर क्लायंटची परदेशातली मंडळी, टेबलाशी मित्रदा नव्या कुडत्यात. त्यांनी ऐटीत सहायकाला विचारलं, "या सरावाच्या डेटाबेसमध्ये तुला सर्वांत गंभीर काय आढळलं?"

सहायक स्वच्छ इंग्रजीत बोलू लागला. पाचक निर्दोष आहे. ढेकर हा त्रास नसून अपेक्षित परिणाम आहे. जावयाबाबत पुरावा अपुरा, लक्ष ठेवावे. मी सुस्कारा सोडला.

"मात्र एका महिलेच्या डोकेदुखीत संशयित घटक बदलावा लागला. तिच्या उत्तरांनुसार त्रास लग्नानंतर सुरू झाला. संशयित घटक सकाळी सेक्टर फाइव्हला गेल्यावर त्रास थांबतो. संध्याकाळी घटक घरी परतताच पुन्हा सुरू होतो. गेल्या वर्षी घटक आठवडाभर ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला गेला असता रुग्ण पूर्ण बरी होती. बंद केल्यावर थांबणे आणि पुन्हा दिल्यावर उद्भवणे, दोन्ही सिद्ध. संबंध: निश्चित."

पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: संशयित घटक, मनोहर.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत 'निश्चित' हा शेरा मी एकदाही पाहिला नव्हता. आम्ही विषालासुद्धा 'शक्यता आहे' म्हणतो. परदेशातली मंडळी खुर्चीवरून पडायच्या बेतात होती. एका बाईंनी डोळे पुसत रुग्णाला शुभेच्छा कळवायला सांगितलं. काम आम्हालाच मिळालं. मित्रदांनी मला मिठी मारली आणि लवकर घरी जा म्हणाले, मग थबकून, "की नको?"

संध्याकाळी आनंदमेळ्यात वृंदाच्या स्टॉलसमोर ही रांग! फिश फ्रायवाल्या बायकासुद्धा त्यात उभ्या. मी कूपनं फाडायला बसलो. (यापुढे ते माझं काम, हे न बोलता ठरलं होतं.) आई खास बराकपूरहून आली होती आणि उत्पादक या नात्यानं खुर्चीत बसली होती.

"वृंदा," मी हळूच म्हटलं, "अगं, हैदराबादचं तरी सांगायचं नव्हतंस."

"का? खोटं मला सुचत नाही," ती बाटली पुसत म्हणाली.

मी शेवटचा आधार म्हणून आईकडे वळलो. ती चष्मा लावून फोन वाचत होती.

"मनोहर, सकाळी त्या तुझ्या सहायकाची मला दुसरी नोटीस आली रे. या मालाची उत्पादकही मीच, असं त्याला कळलंय. माल घरातून परत घेता का, विचारत होता."

"मग? तू काय लिहिलंस?"

आईनं फोन लांब धरून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं: "'तक्रार खरी आहे, आमच्याकडेही हाच त्रास होता. पण एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही. फारच झालं तर सुनेनं जेवणानंतर दोन चमचे पाचक घ्यावं.'"

खाली सहायकाचं उत्तर होतं: 'खुलासा समाधानकारक. प्रकरण बंद.'