पॉइंट तेहतीस

“पोरगी पास झाली नाही, तर ही दोघं हॉलमध्येच म्हातारी होणार,” सासूबाई सासऱ्यांना हळूच म्हणाल्या. नव्या सुनेने ते कपाटापलीकडून ऐकलं. (इलाज नव्हता. हॉलमध्ये आडवं लावलेलं ते कपाट हीच नवदांपत्याची भिंत होती.) नणंद प्रवेश परीक्षा पास होऊन हॉस्टेलला गेली, की तिची खोली यांना मिळणार होती. दाराची, आणि दाराला आतून कडी असलेली.

म्हणून नवऱ्याने बहिणीला गणित शिकवायचं मनावर घेतलं, तेव्हा सून मनातल्या मनात सुखावली. त्याची युक्ती एकच. अपूर्णांक दिसला रे दिसला, की त्याचा दशांश करून टाकायचा. पाच अष्टमांश मोठे की तीन पंचमांश? पॉइंट सहा दोन पाच आणि पॉइंट सहा. लागला निकाल. गाडी सुसाट निघाली होती, तेवढ्यात एक टाकी आडवी आली. टाकीचा एक तृतीयांश भाग भरायला चोवीस लिटर पाणी लागतं, तर अख्खी टाकी केवढी?

नवऱ्याने एक तृतीयांशाचे पॉइंट तेहतीस केले, चोवीसला त्याने भागलं आणि उत्तर काढलं, बहात्तर पॉइंट सात. पर्यायांत नुसतेच बहात्तर होते.

“पुस्तक चुकलंय,” त्याने जाहीर केलं.

पुस्तक सासऱ्यांनी पारखून आणलेलं. त्यांनी ही गोष्ट जिवाला लावून घेतली. प्रत्यक्षच बघू म्हणाले. बाथरूममधला ड्रम हॉलमध्ये आला, नळाला पाइप लागला, पाणी सुरू झालं. मग खडूची रेघ कुठे मारायची यावर बापलेकांची जुंपली. नव्वद सेंटिमीटरच्या ड्रमवर सासरे तिसावर अडून बसले, नवरा एकोणतीस पॉइंट सातवर. वाद तीन मिलिमीटरचा होता. तो मिटेपर्यंत ड्रम काठोकाठ भरला, ओसंडला आणि पाणी कपाटाखालून थेट नव्या जोडप्याच्या गादीत शिरलं.

सासूबाई फडकी शोधत असताना सुनेने मुकाट्याने पुस्तक उचललं. असे तीन वाटे झाले की टाकी भरली, त्यात दशांश कशाला? तिने बहात्तरवर खूण केली. नणंदेने मागचं पान उलटून पाहिलं. बरोबर.

“अगं बाई, मास्तरीण घरातच आहे की,” सासूबाई फडकं पिळायचं थांबून म्हणाल्या. “मग घाई कशाला? यंदाची परीक्षा राहू दे. वर्षभर वहिनीकडे शीक, पुढच्या वर्षी दे.”

सासऱ्यांना पटलं. नणंदेला तर फारच पटलं. नवरा ओल्या गादीवर उभा राहून बायकोकडे अभिमानाने पाहत होता.

लग्न होऊन आल्यापासून सून पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“मी आपली डोळे मिटून खूण केली, आई. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही.”