पिवळ्या पिशवीचा उपाय

विज्ञानात श्रद्धेला जागा नसते. चिप-कंपन्यांनी भरलेल्या शिंचूच्या विज्ञान उद्यानातल्या त्या प्रयोगशाळेत तिला फक्त वीतभर जागा दिली होती, यंत्राच्या डोक्यावर. तिथे नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांची हिरवी पिशवी ठेवलेली असे. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’ असा, त्यामुळे पिशवी डोक्यावर असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. ती हिरवीच हवी, मुदत संपलेली नको, आणि आतलं कोणी खायचं नाही. यावर तिथल्या एकाचाही विश्वास नव्हता. पण ती उचलून बाजूला ठेवण्याची छातीही कोणाची नव्हती, आणि त्या खोलीत डॉक्टरेट मिळवलेले पाच जण बसत.

याओ हान-वेइ त्या पाचांतला एक. वय सेहेचाळीस, म्हणजे त्या उद्यानात दुसरी नोकरी मिळण्याच्या पलीकडचं. तीन वर्षं तो दोन चिप्समधला माहितीचा रस्ता तयार करत होता. ये-जा थांबली की रस्त्याने झोपायचं, माहिती आली की डोळे चोळत न बसता ताडकन उठायचं. झोपेत पाच मिलीवॉटच्या आत वीज खायची, असं कागदावर ठरलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवी चिप हाती आली. मीटरने एकतीस दाखवले.

विभागप्रमुख कांग साहेब ओरडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी याओला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, की महिनाअखेरच्या गुरुवारी ओसाकाहून ग्राहक येतोय. तोवर आकडा पाचाच्या आत आला नाही, तर अख्खा गट दक्षिणेला जाईल, चार्जर तपासायच्या विभागात. दक्षिणेला गेलेल्यांची दोन वर्षं शुभेच्छापत्रं येत, मग तीही थांबत. याओची आई आठवड्यातून तीनदा शिंचूच्या रुग्णालयात डायलिसिसला जाई, आणि तिला नेणारा तो एकटाच होता.

“तुझं यंत्र झोपत नाही, म्हणून तूही झोपत नाहीस,” आई एकदा रुग्णालयाच्या वाटेवर म्हणाली. बाहेर शिंचूचा वारा छत्र्या उलट्या करत होता. “दोघांतल्या एकाने तरी झोपा रे.”

साहेबांनी चिप यायच्या आधीच यंत्रापासून वायर ओढून स्वतःच्या टेबलावर एक दिवा बसवून घेतला होता. रस्ता जागा असला की तो लागे, झोपला की विझे. चिप आली त्या दिवसापासून तो नंदादीपासारखा अखंड तेवत होता. साहेब दर तासाला फोन करून तेवढंच कळवत.

याओने सगळं तपासून पाहिलं. शेवटच्या सोमवारी शू-फेनताईने तोंड उघडलं. ताई पंचवीस वर्षं प्रयोगशाळेचं सामानसुमान पाहत होती. तिच्याकडे कुठलीच पदवी नव्हती, त्यामुळे तिचा शब्द सगळे मानत.

“हिरवं म्हणजे काय? चालू राहा,” ती म्हणाली. “तुम्हाला हवंय की त्याने झोपावं, आणि डोक्यावर ठेवलीय हिरवी पिशवी. ते बिचारं सांगितलेलं ऐकतंय.”

एका डॉक्टरेटवाल्याने वही उघडून हे लिहून घेतलं.

मग त्याच कुरकुऱ्यांच्या पिवळ्या पिशवीचा विषय निघाला. पिवळ्याने यंत्रं सुस्तावतात, म्हणून आजवर ती दारातही येऊ दिली नव्हती. शेजारच्या गटाने लगेच हरकत घेतली: त्यांचं यंत्र चार हातांवर होतं आणि त्याला सुस्तावणं परवडणारं नव्हतं. दीड तास बैठक चालली. अखेर ठरलं, की याओच्या यंत्रावर एक पिवळी ठेवायची आणि शेजाऱ्यांना भरपाई म्हणून दोन हिरव्या द्यायच्या. इतिवृत्तावर साहेबांनी सही केली.

बुधवारी ताईने पाच मसाल्यांच्या चवीची पिवळी पिशवी आणली. मुदतीची तारीख दोघांनी वेगवेगळी वाचून जुळवली. याओने टाचा उंचावून ती वर सरकवली, तेव्हा त्याचं कोपर यंत्राच्या मांडणीच्या मागे कुठेतरी आपटलं. त्याने मीटरकडे पाहिलं. तीन पूर्णांक आठ.

साहेब धावत आले. आयुष्यात पहिल्यांदाच धावत असावेत. दिवा विझला होता. ताईने पिशवीला हळूच मान लववली, आणि तिच्यामागे आणखी दोघांनी, ज्यांतला एक अमेरिकेत शिकलेला होता.

याओने मांडणीमागे डोकं घातलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मग तो साहेबांच्या खोलीत गेला.

“साहेब, तुमच्या दिव्याची वायर निघालीय.”

“आकडा किती आहे?”

“तीन पूर्णांक आठ. पण पिशवीमुळे नाही. तो दिवाच रस्त्याला उठवत होता. सेकंदाला हजार वेळा विचारायचा, झोपलास का म्हणून. उत्तर द्यायला त्याला उठावं लागायचं.”

साहेबांनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. तो बसवून घेण्याच्या अर्जावर त्यांचीच सही होती.

“कोणाला सांगितलंस हे?”

“अजून नाही.”

“मग पिशवीनेच झालं. वायरीला हात लावू नकोस, आणि पिशवीलाही.”

गुरुवारी ओसाकाचे मोरिवाकी आले. त्यांनी आकड्याचा फोटो काढला, पिशवीचाही काढला, आणि काम उत्तम झाल्याचं तीनदा सांगितलं. याओने बाहेर जाऊन आईला फोन केला आणि पुढच्या वर्षाच्याही रुग्णालयातल्या वेळा घेऊन ठेव म्हणाला. जेवताना, मांसाच्या गोळ्यांचं सूप समोर असताना, त्याने पाहुण्यांना सहज विचारलं, की ही चिप कशात बसणार.

“दारावरच्या कॅमेऱ्यात. तो दिवसरात्र चित्रं पाठवतो.”

“मधे थांबत नाही?”

“थांबला तर चोरांची सोय होईल,” मोरिवाकी नम्रपणे म्हणाले. “म्हणजे झोपेची सोय आम्हाला लागणार नाही. नोव्हेंबरातच कळवलं होतं तसं.”

कांग साहेब सुपातला गोळा चमच्याने कापत होते. तो चांगलाच चिवट असावा.

सोमवारी याओच्या गटाच्या बदलीचं पत्र आलं. त्यावर तारीख होती एकवीस नोव्हेंबर.